जिथे ठेवलंय तिथे

समोरच्या डोंगराच्या सोंडेवर शेकडो घोडी चरत असली तरी त्यातली आपली पांढऱ्या खुरांची कुठली, हे ओमुराली तंबूच्या दारात बसून सांगायचा. ढगांकडे नुसतं बघून गारा पडणार की कोरडाच गडगडाट होणार, हेही त्याला कळायचं. पण हाच माणूस तंबूत शिरला की त्याची नजर बाहेर काढलेल्या जोड्यांपाशीच राहायची.

"बायबिचे, माझी टोपी कुठंय?"

"बायबिचे, दुसरा मोजा?"

"बायबिचे, मीठ!"

बायबिचे म्हणजे घरची मालकीण. लग्नाला वर्षं झाली की त्या डोंगरांतले नवरे बायकोला अशीच हाक मारतात, पण ओमुरालीइतकी ती हाक कुणी वापरली नसेल. बुरूल मान वळवायची नाही. हातातलं काम न सोडता म्हणायची, "जिथे ठेवलंय तिथेच आहे." तरी हा मध्येच उभा. मग ती हात लांब करायची आणि ती वस्तू पाळल्यासारखी तिच्या हातात यायची.

"डोळे आहेत की बटणं शिवलीयत?"

"तू लपवतेस," ओमुराली म्हणायचा.

"मी कशाला लपवू? तुझा आवाज ऐकून त्याच लपतात."

त्यानं आपल्यापुरतं एक कारण काढलं होतं. तंबूत शिरलं की डावी बाजू पुरुषाची. तिथे खोगीर, लगाम, चाबूक. उजवी बाजू बाईची, काड्यांच्या आडपडद्यामागे: भांडी, पीठ, मीठ, साय. पडद्यामागे पुरुष जात नाही. ओमुरालीचा बाप कधी गेला नव्हता, आजा गेला नव्हता. "तिकडचं मला काय ठाऊक?" असं तो ऐटीत म्हणायचा. बोलणं खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. चाबूक त्याच्याच बाजूला टांगलेला असायचा आणि तोही बुरूललाच काढून द्यावा लागायचा.

दर उन्हाळ्यात सोनकुल तळ्याच्या वरच्या कुरणावर त्यांचा लोकरीच्या नमद्याचा तंबू त्याच दगडांच्या गोलावर उभा राहायचा आणि त्यातली प्रत्येक वस्तू तिच्या त्याच जागी जायची. बुरूलला एजे, म्हणजे ताई, म्हणणारी शेजारच्या तंबूतली अनारा कौतुकानं सांगायची, "बुरूल एजेच्या घरात आंधळ्यानंसुद्धा चहा करून प्यावा." सगळे हसायचे. गेल्या उन्हाळ्यात बुरूलही हसली, पण जरा उशिरा.

त्याच उन्हाळ्यात लेकीच्या सासरची माणसं पाहुणी आली. मेंढा कापला, मांस शिजलं, व्याही मानाच्या जागी बसले. आता मांस कापायला यजमानानं सुरी द्यायची. सुरी सापडेना. ओमुरालीनं खोगिराची पिशवी उलटी केली, रजयांच्या थप्पीत हात घातला, व्याह्यांना उठवून त्यांच्या बुडाखालचा गालिचासुद्धा उचलला. बुरूल घोडीचं दूध काढून आत आली. दारातच थबकली, कान दिला, सरळ नवऱ्याच्या पाठीशी गेली आणि त्याच्या पट्ट्यातली सुरी म्यानासकट ओढून काढली.

"किती वेळ किणकिणतेय," ती म्हणाली.

पाहुण्यांची हसून पुरेवाट झाली. व्याही डोळे पुसत म्हणाले, "ओमुराली, लग्नात नवरी ओळखायचं काम तुझ्यावर सोपवलं नाही हे बरं झालं. भलतीच घेऊन आला असतास."

"आणली असती, आणि वाटेत हरवली असती," बुरूल म्हणाली.

काखेत कळसा नि गावाला वळसा, यावर माणसानं हसून मोकळं व्हावं. ओमुराली हसला नाही. बायकोनं चारचौघांत पाणउतारा केला, हे त्याच्या मनात बसलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले आणि बुरूल अनाराकडे नमदा थापायला गेली. ओमुरालीनं चहा केला. तिकडच्या चहात मीठ हवंच. मीठ नाही. त्यानं पडद्याच्या कडेवरून डोकावलं. नुसत्या पिशव्या, डबे, गाडगी. नाचता येईना त्याला अंगण वाकडं दिसायचंच. त्यानं ठरवून टाकलं की दोष डोळ्यांचा नाही, मांडणीचा आहे. बाईनं सगळं कोंबून ठेवलंय, मग पुरुषाला सापडणार कसं?

तो पडद्यामागे गेला. त्याच्या घराण्यात तिथे पाऊल टाकणारा तो पहिलाच पुरुष, आणि गेला तो हा उंटावरचा शहाणा होऊन. डबे बाहेर काढले. पळ्या, झारे जाळीच्या भिंतीला समोर टांगले. मीठ दर्शनी ठेवलं. पिठाचं पोतं ओढून रजयांमागे नेलं, पाण्याची कॅन आणखी कुठेतरी. घाम पुसत त्यानं बघितलं आणि त्याला स्वतःचं फार कौतुक वाटलं. इतकं केलं तर आणखी थोडं करू म्हणून त्यानं सायीसाठी दूधही उकळलं आणि पातेलं उतरवून पडद्याच्या कडेला ठेवलं, जिथे पिठाचं पोतं असायचं.

बुरूल आली. जोडे काढले, पडद्यामागे वळली. गुडघ्यावर बसताना डावा हात पिठाच्या पोत्यावर टेकवायची तिची जुनी सवय. हात टेकला तो मनगटापर्यंत दुधात गेला.

ती ओरडली नाही. नुसता श्वास आत ओढला.

ओमुरालीच्या तोंडून आयुष्यभराच्या सवयीनं निघून गेलं, "आंधळी झालीस का? एवढं मोठं पातेलं दिसत नाही?"

बुरूलनं भाजलेला हात उराशी धरला होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तो जिथे नव्हता तिकडे बघत होती.

"हो," ती म्हणाली. "झालेय."

त्याला आधी कळलंच नाही. मग एकदम कळलं. "पाणी," तो म्हणाला, "थांब, गार पाणी." तो वळला.

"कॅन दाराशी आहे. उजवीकडे," बुरूल दात आवळून म्हणाली.

तिथे नव्हती. तिथून त्यानंच हलवली होती आणि कुठे ठेवली ते आठवेना. रजयांमागे बघितलं, पलंगाखाली बघितलं. आपल्या हातानं लावलेल्या घरात त्याला पाणी सापडेना, आणि आता विचारायचं कुणाला? शेवटी तो अनवाणी ओढ्याकडे धावला आणि नमद्याची टोपी भरून पाणी घेऊन आला. अर्धं वाटेत सांडलं.

तिचा हात टोपीत बुडवून तो समोर बसून राहिला.

"कधीपासून?"

"डावा डोळा गेल्या हिवाळ्यात गेला. उजव्यानं मधलं तेवढं दिसतं. झाऱ्याच्या एका भोकातून बघावं तसं."

"आणि मला बोलली नाहीस?"

"बोलले होते."

"कधी?"

"दोन हिवाळ्यांमागं. डोळ्यांपुढं धूर दिसतोय म्हणाले होते. तू म्हणालास, गोवऱ्या ओल्या असतील, धुराडं तुंबलं असेल. बर्फात गावच्या घराच्या छपरावर चढलास आणि धुराडं साफ केलंस. दोन दिवस सांगत होतास सगळ्यांना, बायकोसाठी एवढ्या थंडीत वर चढलो म्हणून."

ओमुरालीला ते धुराडं आठवलं. काजळीनं माखलेले हात आठवले, आणि खाली उतरल्यावर आपण काय विचारलं तेही. "बघ, गेला की नाही धूर?" असं विचारलं होतं. तिनं काय उत्तर दिलं ते मात्र त्याला काही केल्या आठवेना. बहुतेक तो उत्तरासाठी थांबलाच नव्हता.

"परत का नाही सांगितलंस?"

"परत सांगितलं असतं तर आपला एल्दियार शहरात घेऊन गेला असता. तिथं मी भिंती चाचपत बसले असते. इथं मला दिसायची गरज काय पडते? सगळं जिथल्या तिथं असतं." तिनं टोपीतल्या पाण्यात हात हलवला. "असायचं."

जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. डोळ्यांत दाब वाढत गेला होता. डावा परत येणार नव्हता. उजव्यात जेवढं उरलं होतं तेवढं सांभाळता येण्यासारखं होतं. औषधाचे थेंब, रोज सकाळ-संध्याकाळ, जन्मभर, चुकवायचे नाहीत. "पहिल्यांदा त्रास झाला तेव्हाच आणायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "पुष्कळ वाचलं असतं."

"मी धुराडं साफ केलं होतं," ओमुराली म्हणाला.

डॉक्टरीणबाईंना काहीच कळलं नाही. बुरूलनं त्याची बाही ओढली.

बाहेर एल्दियार उभा होता. एकुलता मुलगा, बिश्केकहून रातोरात गाडी हाकत आलेला. "आईला मी नेतो," तो म्हणाला. "आजच."

"तिथं मी आंधळी आहे रे," बुरूल म्हणाली. "वर नाही."

"आणि थेंब कोण घालणार? एक वेळ चुकलेली चालणार नाही."

"मी घालीन," ओमुराली म्हणाला.

मुलाच्या मनात बापाबद्दल राग होता आणि तो त्यानं लपवला नाही. "तुम्ही? बाबा, बाटली कुठंय आत्ता? पाच मिनिटांपूर्वी तुमच्या हातात दिली."

ओमुरालीनं कोटाचे खिसे चाचपले. विजारीचे चाचपले. टोपी काढून आत बघितलं. पोराच्या नजरेला नजर द्यायची त्याची हिंमत होईना.

"डाव्या बुटात खोचलीय त्यानं," बुरूल शांतपणे म्हणाली. "चालताना टकटक वाजत होती."

आईपुढे एल्दियारचं लहानपणापासून काही चालायचं नाही. "ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "पण एकदा जरी चुकलं, मी गाडी घेऊन येणार. मग कुणाचं ऐकणार नाही."

वर परत आल्यावर पहिलं काम होतं ते मोडलेलं घर पुन्हा लावायचं. बैल गेला आणि झोपा केला असलं काम, पण करायला तर हवं. आणि कुठली वस्तू कुठे होती, हे ओमुरालीला सांगता येत नव्हतं. जिच्याबरोबर इतकी वर्षं जेवला, तिचं मीठ कुठे असतं हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. बुरूल पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून बसली आणि सांगत गेली.

"डोळे मीट."

"ते कशाला?"

"उघड्या डोळ्यांनी तुला आजवर काय सापडलंय? मीट. गुडघ्यावर बस. डावा हात टेक, तिथं पीठ. आता उजवा हात लांब कर. पुरा नको, कोपर जरा वाकलेलं राहू दे. तिथं चहा. चहाच्या मागं मीठ. बोटं खाली ने, झाकणावर चर आहे तो मिठाचा डबा."

त्याची बोटं चरावर गेली आणि त्याला रडू आलं. मिठाच्या डब्यावर रडणारा हा म्हातारा तिला दिसला नाही, पण त्यानं नाक ओढलेलं तिनं ऐकलं असणार. "धूर आला का डोळ्यांत?" ती म्हणाली. कुजकेपणानं नव्हे, सहजच. त्याला ते जास्तच लागलं.

बाटलीसाठी त्यानं नमद्याची छोटी पिशवी शिवली आणि बुरूलच्या उशाशी जाळीच्या काडीला बांधून टाकली. खिशाचा त्याला भरवसा उरला नव्हता, स्वतःचा तर नव्हताच.

अनाराचा नवरा शामशी ओमुरालीला आके, म्हणजे दादा, म्हणायचा. तो एकदा दारातून ओरडला, "ओमुराली आके, पडद्यामागं काय करता? वेणी घालायला शिकता की काय?"

पूर्वी यावरून त्यानं शामशीच्या दारात वर्षभर पाऊल टाकलं नसतं. आता तो पडद्यामागूनच म्हणाला, "तुझ्या घरात मीठ कुठं असतं रे?"

शामशी विचारात पडला. "अनाराला विचारतो," म्हणाला, आणि खरंच घरी गेला.

सकाळ-संध्याकाळ ओमुराली तिचं डोकं मांडीवर घ्यायचा, पापणी वर करायचा आणि थेंब सोडायचा. त्या वेळी त्याचा चेहरा तिच्या चेहऱ्यापासून वीतभर असायचा. मी दिसतो का गं, असं विचारायचं त्याच्या ओठांवर यायचं आणि तो गिळायचा. नाही म्हणाली तर काय, अशी भीती होती. धूर कुठून येतो ते त्या दिवशी आपण बघितलं, तिच्याकडे बघितलं नाही, हे त्याच्या मनाला सारखं खात होतं. घोड्यांच्या मागे असला तरी खात असायचं.

त्या वर्षी बर्फ लवकर येणार असं दिसू लागलं आणि कुरण घाईनं रिकामं करावं लागलं. शामशीनं ट्रक आणला, दोन्ही घरांचं सामान एकातच भरायचं ठरलं. सकाळचे थेंब घालून ओमुरालीनं हात धुतले तोच शामशी हाका मारायला लागला. नमदे उतरवले, भिंतींच्या जाळ्या मिटवून बांधल्या आणि ट्रकच्या तळाशी टाकल्या. त्यांच्यावर चुली, पेट्या, रजया, वर अनाराचं सगळं घर. बुरूल पुढे ड्रायव्हरशेजारी बसली.

खिंड ओलांडून ते झऱ्यापाशी थांबले तेव्हा सूर्य टेकला होता. थेंबांची वेळ. ओमुराली खाली उतरला, सवयीनं हात उशाशी न्यावा तसा पुढे केला तो रिकाम्या हवेत. पिशवी जाळीला बांधलेली. जाळी ट्रकच्या तळाशी.

"सापडत नाहीये का काही?" बुरूलनं आतून विचारलं.

"काही नाही. आलोच."

शामशीला त्यानं बाजूला घेऊन सांगितलं. शामशीनं ट्रककडे बघितलं, मग आभाळाकडे. "गावात पोचल्यावर उतरवू की. मध्यरात्र होईल, पण एक वेळ चुकली तर काय आभाळ कोसळतंय? एल्दियारला कोण सांगायला जातंय?"

खरंच कुणी सांगितलं नसतं. ओमुरालीच्या मनात त्याहून वाईट काहीतरी येऊन गेलं. झऱ्याचे दोन थेंब तिच्या डोळ्यांत सोडले तर तिलाही कळणार नाही, असं आलं. आलं आणि त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की तो सरळ ट्रकवर चढला आणि अनाराची पहिली रजई खाली फेकली.

"अहो आके, खुळावलात का?"

दुसरी फेकली. तिसरी शामशीच्याच अंगावर पडली. मग शामशीनं शिव्या घातल्या, बाह्या सारल्या आणि तोही चढला. पेट्या उतरल्या, चुली उतरल्या, अनाराची कपबशी फुटली आणि अनारानं दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. जाळ्या दिसल्या तेव्हा ट्रकच्या तळाशी काळोख झाला होता. शामशी दिवा शोधू लागला. ओमुरालीनं डोळे मिटले. गुडघ्यावर बसला. मिटलेल्या काड्यांच्या जुडग्यात हात घातला आणि बोटांनी मोजल्यासारखं चाचपत गेला: ही चामड्याची गाठ, हिच्यावर तिच्या खांद्याची उंची, इथे जाळीची कड. नमदा हाताला लागला. चेपून पोळीसारखा झाला होता, पण बाटली आत अख्खी होती.

तो पुढे बुरूलपाशी आला. झाकण दातांनी काढलं, तिचं डोकं मागे टेकवलं, थेंब सोडला. अंधारात अंदाज चुकला आणि एक गालावर पडला. मग पुन्हा सोडला.

"कुठं होती?" बुरूलनं विचारलं.

"जिथे ठेवली होती तिथेच."

तिनं डोळे मिटले. "सगळं ऐकत होते मी," ती म्हणाली. "तुम्ही सामान उतरवत होता तेव्हा. मी आठवून बघितलं, पण मला बाटली कुठंय ते ठाऊक नव्हतं. वाटलं, आता शहर."

आपल्या बायकोनं एकदा तरी 'मला ठाऊक नाही' म्हणावं, म्हणून ओमुराली आयुष्यभर टपून बसला होता. आता ती म्हणाली आणि त्याला ते ऐकवेना. तिच्या गालावरचा थेंब त्यानं बाहीनं पुसला. मग बाटली बंद करायला झाकण बघू लागला. तळहातावर नव्हतं. खिशात नव्हतं. सीटवर चाचपलं, खाली पायरीवर चाचपलं.

"बायबिचे," तो काकुळतीला येऊन म्हणाला, "झाकण कुठं गेलं गं?"

बुरूलचा डावा हात वर आला. भाजल्याचा डाग मनगटापर्यंत अजून गुलाबी होता. तो हात त्याच्या बाहीवरून, दाढीवरून चाचपत त्याच्या तोंडापाशी गेला आणि तिनं त्याच्या दातांत धरलेलं झाकण काढून घेतलं.

"बोबडं बोलत होतास मघापासून," ती म्हणाली, आणि बाटलीला झाकण लावून ती त्याच्याच हातात दिली.